हेवी गाड्यांचे रेडियल टायर जास्त कसे टिकतील? नागपूरच्या ट्रक, टिप्पर आणि बसमालकांचे नेहमीचे प्रश्न

वाडी, कापसी, पारडी, बुटीबोरी या भागांत मालक, चालक आणि पंक्चरवाले जे प्रश्न रोज विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि सुरतेकडून ओडिशातल्या पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्या शहरात एकमेकांना छेदतात, समृद्धी महामार्ग इथूनच सुरू होतो आणि उमरेड-सावनेरचा कोळसाही याच रस्त्यांवरून जातो. त्यात आपला उन्हाळा. दुसऱ्या शहरातल्या मालकाला जे चुकवून चालतं, ते इथे चालत नाही, म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब दिली आहेत.

नायलॉन आणि रेडियल, फरक नेमका कशात आहे?

नायलॉन टायरमध्ये दोऱ्यांचे बरेच थर एकमेकांवर तिरपे, आडवे-तिडवे बसवलेले असतात. ट्रकच्या रेडियलमध्ये पोलादी तारांचा एकच थर एका बीडपासून (टायरची रिमवर बसणारी कडा) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ जातो आणि त्याच्यावर, नक्षीच्या खाली, तीन-चार पोलादी बेल्ट असतात. त्यामुळे साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, मोकळेपणाने लवते आणि रस्त्याला टेकणारा भाग सपाट, घट्ट राहतो. घर्षण कमी, तापणं कमी, डिझेल कमी, नक्षी जास्त दिवस.

पण त्या लवणाऱ्या साइडवॉलला आधार फक्त हवेचा असतो. नायलॉनची साइडवॉल जाड असते, ती कमी हवेतही थोडी तग धरते. रेडियलला ती सवलत नाही. बरेच जण रेडियल विकत घेतात आणि नायलॉनच्या सवयीने चालवतात, आणि मग ‘रेडियल आपल्या कामाचा नाही’ म्हणून मोकळे होतात.

नक्षी भरपूर शिल्लक असताना टायर फुटतो. असं का?

कारण नक्षी घासून संपणं आणि टायर आतून थकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक नक्षीकडे बघतो, पण पैसा केसिंगमध्ये, म्हणजे नक्षीखालच्या सांगाड्यात असतो. एक केसिंग नीट राहिलं तर त्यावर पुन्हा रबर चढतं. केसिंग गेलं तर नवीन टायरचे पूर्ण पैसे.

आत काय होतं ते बघा. १०.०० आर २० मापाच्या टायरचा घेर साधारण ३.३ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास ३०० फेरे. ताशी ६० च्या वेगाने तासाला १८,००० वेळा प्रत्येक जागेची साइडवॉल दबते आणि सुटते. दर वेळी रबर थोडी ऊर्जा उष्णता म्हणून आत ठेवून घेतं. शोल्डरपाशी, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल जिथे मिळतात तिथे, रबर सगळ्यात जाड असतं आणि रबरातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात जास्त तापतो तो शोल्डर. बेल्टच्या कडा नेमक्या तिथेच असतात. कडेला कापलेल्या तारांची टोकं असतात, बाजूला मऊ रबर, आणि वरचा बेल्ट एका दिशेला सरकू बघतो तर खालचा दुसऱ्या. त्या दोघांमधल्या रबरात बारीक भेग पडते, ती कडेने पसरत जाते आणि एक दिवस फुगा दिसतो किंवा अख्खं सालपट निघून रस्त्यावर पडतं. भंडारा रोडच्या कडेला मे महिन्यात जी काळी सालपटं पडलेली दिसतात, त्यांतली सगळी रिमोल्डची (जुन्या टायरवर नव्याने चढवलेल्या नक्षीची) नसतात. निरखून पाहिलंत तर पुष्कळांच्या खालच्या बाजूला बेल्टच्या तारा दिसतील.

या भेगेला वेग देणाऱ्या गोष्टी तीनच: कमी हवा, जास्त माल, जास्त वेग. आणि तिन्ही शेवटी उष्णतेतूनच काम करतात.

उन्हाळ्यात हवा वाढते, मग थोडी कमी ठेवावी ना?

नाही. नागपुरात सगळ्यात जास्त टायर याच समजुतीने मरतात, म्हणून जरा हिशेबाने सांगतो.

समजा तुमच्या टायरला थंड असताना १२० पीएसआय हवी आहे. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पहाटे ३० अंशांला तुम्ही बरोबर १२० भरली. दुपारी जबलपूर रोडने माल घेऊन जाताना आतली हवा ७० अंशांवर गेली. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढणारच, तो १३७-१३८ होतो. हा वाढलेला दाब टायर बनवताना धरलेलाच असतो. आता चालकाने ढाब्यावर गेज लावलं, घाबरला आणि हवा सोडून परत १२० केली. रात्री गाडी उभी राहिली, टायर थंड झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात १०४ च्या आसपास हवा आहे. त्या हवेवर पूर्ण माल घेऊन गाडी निघाली की साइडवॉल जास्त लवते, टायर आदल्या दिवशीपेक्षा जास्त तापतो, दाब पुन्हा वाढतो, चालक पुन्हा हवा सोडतो. चार दिवसांत टायर संपला.

म्हणून नियम सरळ आहे. हवा बघायची ती गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना, सकाळी. गाडी किमान तीन तास उभी असलेली हवी. गरम टायरची हवा कधीही सोडायची नाही. गरम टायरमध्ये शेजारच्या जोडीदार टायरपेक्षा खूपच कमी हवा दिसली तर गळती आहे असं समजून थांबायचं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की अशा टायरची हवा साधारण साडेचार पीएसआयने उतरते. मे महिन्यात बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या थंडीत आपोआप सात-आठने कमी झालेली असते, गळती नसतानासुद्धा. हिवाळा लागला की एकदा सगळ्या टायरची हवा नव्याने लावून घ्या.

किती हवा? १२० सगळ्यांनाच?

नाही, वरचा आकडा उदाहरणाचा. साइज, प्लाय रेटिंग (टायरच्या ताकदीचा आकडा) आणि एक्सलवरचं वजन यांवर ते ठरतं. कंपनीच्या तक्त्यात वजनापुढे दाब दिलेला असतो. साइडवॉलवर छापलेला दाब हा जास्तीत जास्त भारासाठीचा असतो.

पान्याने ठोकून हवा कळते, असं चालक म्हणतात.

पूर्ण बसलेला टायर कळतो. १२० आणि ९५ मधला फरक आवाजावरून कुणालाच कळत नाही, वीस वर्षांच्या चालकालाही नाही. आणि ९५ म्हणजे धोक्याच्या रेषेच्या खाली, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. प्रत्येक गाडीत एक चांगलं गेज ठेवा आणि ते महिन्यातून एकदा दुसऱ्या गेजशी ताडून बघा. पंक्चरच्या दुकानातलं दहा वेळा पडलेलं गेज खरं धरू नका.

गरम टायरवर पाणी मारावं का?

वरचं रबर गार होतं, आत शोल्डरमध्ये साठलेली उष्णता तशीच राहते. वर तापलेल्या ब्रेक ड्रमवर एकदम पाणी पडलं तर ओतीव लोखंडाचा ड्रम तडकतो. सावलीत अर्धा-पाऊण तास उभी केलेली गाडी पाण्याच्या बादलीपेक्षा कितीतरी जास्त काम करते. नवतपात बारा ते चार गाडी उभी ठेवून रात्री चालवणारे मालक टायरवर खरोखर पैसे वाचवतात.

जोडीतला आतला टायर आधी का जातो?

कारण त्याची हवा कुणी बघत नाही. व्हॉल्व्ह आत असतो, हात पोहोचत नाही, आणि बाहेरचा टायर भार उचलून धरत असल्यामुळे आतला बसलाय हे दिसतही नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावा, त्याला आधार द्या, धातूची टोपी लावा. खर्च किरकोळ आहे.

दुसरं कारण उंचीचं. घासलेला आणि नवीन टायर एका जोडीत लावले की मोठा टायर जास्त भार घेतो आणि छोटा घसटत जातो, कारण दोघांना एकाच वेळी तेवढेच फेरे मारायचे असतात. व्यासात १ सेंटीमीटरचा फरक असला तरी घेरात ३ सेंटीमीटरहून जास्त पडतो, म्हणजे दर किलोमीटरला ९ मीटरच्या आसपास घसट. नागपूर-हैदराबाद एका फेरीत किती होते ते तुम्हीच मोजा. व्यासातला फरक ६ मिलिमीटरच्या आत ठेवायचा, आणि एका जोडीत नायलॉन आणि रेडियल कधीच लावायचे नाहीत.

टिप्पर असेल तर दोन टायरच्या मध्ये अडकलेला दगड रोज बघा. तो साइडवॉल आतून कापत असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

माल जास्त असला तर हवा वाढवून भागतं का?

भागत नाही. साइडवॉलवर १४६/१४३ असा आकडा असतो. पहिला टायर एकटा असताना, दुसरा जोडीत. १४६ म्हणजे ३,००० किलो आणि १४३ म्हणजे २,७२५ किलो. त्या हिशेबाने मागच्या एका एक्सलचे चार टायर मिळून १०,९०० किलो उचलू शकतात, आणि त्यात एक्सलचं, बॉडीचं वजनही आलं. छापलेल्या कमाल दाबाच्या वर हवा भरल्याने हा आकडा वाढत नाही. नक्षी मधोमध घासते आणि दगड लागला की ताणलेला टायर लवकर चिरतो, एवढंच होतं.

२०१८ मध्ये केंद्राने भाराची मर्यादा वाढवली, तीन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. कायद्याने वजन वाढलं म्हणून जुन्या टायरची ताकद वाढली नाही. नवीन टायर घेताना भाराचा आकडा आपल्या एक्सलच्या वजनाशी जुळतो का, हे दुकानात उभं राहूनच तपासा. पुढच्या एक्सलवर तर जोडही नसतो, तिथे जास्त काळजी.

समृद्धीवर सिमेंटच्या रस्त्यामुळे टायर फुटतात का?

सिमेंटचा रस्ता खरखरीत असतो, नक्षी थोडी लवकर घासते, हे खरं. पण उन्हात डांबर सिमेंटपेक्षा जास्त तापतं. फुटण्याचं कारण शोधायचं असेल तर सलग वेगाकडे बघा. जुन्या रस्त्यावर गाव यायचं, फाटक यायचं, चहा व्हायचा, टायरला उसंत मिळायची. इथे ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे आणि मध्ये थांबायला भाग पाडणारं काही नाही. जड वाहनांना ८० ची मर्यादा आहे, ती पाळा आणि दोन-अडीच तासांनी उतरून सगळ्या टायरवरून नजर फिरवा. आरटीओने समृद्धीच्या प्रवेशाजवळ टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. चालकांना राग आला असेल, पण ते योग्यच होतं.

वेगाचं अक्षरही वाचा. ‘जे’ म्हणजे १००, ‘के’ म्हणजे ११०, ‘एल’ म्हणजे १२० किलोमीटर. फक्त खाणीसाठी बनलेला जाड टायर लांबच्या हायवेवर जास्त तापतो. जेवढं रबर जाड, तेवढी उष्णता आत कोंडलेली.

कोळसा, रेती, गिट्टीच्या टिप्परला कोणता टायर?

खाणीतला रस्ता आणि पुढे डांबरी रस्ता असं मिश्र काम असेल तर मिश्र वापराचाच घ्या, ज्याच्या नक्षीचं रबर कापाला दाद देत नाही. नैसर्गिक रबराचा गुण असा की ते ताणलं की त्याचे रेणू रांगेत येतात आणि चीर पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून ट्रकच्या टायरमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. पण टायर कितीही चांगला घेतला तरी लोडिंगच्या जागी सांडलेल्या टोकदार दगडांवर गाडी जागच्या जागी वळवली तर उपयोग नाही. सांडलेला माल वेळच्या वेळी उचलायला लावा. याचा फायदा टायर बदलण्यापेक्षा मोठा असतो.

पावसाळ्यात टायर जास्त का कापतात?

ओलं रबर सुरीला लवकर वश होतं, कोरड्यापेक्षा दगड खोल जातो. आणि खरं नुकसान नंतर होतं. चीर बेल्टपर्यंत गेली की पाणी आत शिरतं, तार गंजते. तारेवर पितळेचा पातळ मुलामा असतो आणि त्याच्यामुळेच रबर तारेला धरून राहतं. गंजाने तो गेला की पकड सुटते. जुलैमधली चीर पुढच्या एप्रिलमध्ये फुगा होऊन बाहेर येते, तेव्हा मालक उन्हाला दोष देतो.

यात पंक्चर काढण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा शिरला की आपल्याकडे ट्यूबला ठिगळ लागतं आणि टायरचं भोक तसंच उघडं राहतं. त्याच भोकातून वर्षभर पाणी जातं. टायर उतरवलाच आहे तर भोक साफ करून आतून पॅच आणि भोकात भराव, दोन्ही करून घ्या. ट्यूबलेसला बाहेरून कोंबलेली दोरी घरापर्यंत पोहोचण्यापुरती ठीक. नक्षीतलं १० मिलिमीटरपर्यंतचं भोक अशा रीतीने नीट भरता येतं. शोल्डर किंवा साइडवॉलला लागलं असेल तर ते काम रिमोल्डिंगच्या कारखान्याचं आहे.

रेडियलला ट्यूबही रेडियलचीच हवी, आणि नवीन टायरला ट्यूब-फ्लॅप नवीन. ताणलेली जुनी ट्यूब आत घडी घालते आणि तिथेच फाटते.

हवा गेलेल्या टायरवर आठ-दहा किलोमीटर चालवलं. हवा भरून वापरू का?

थांबा. आधी उतरवा.

ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून खाली चाललेला टायर हा ‘बसून चाललेला’ धरतात. १२० च्या टायरला ती रेषा ९६ ची. त्यात साइडवॉलच्या तारा, आपण हाताने तार वाकवून वाकवून तोडतो, तशाच आतल्या आत तुटत जातात. बाहेरून टायर अगदी ठणठणीत दिसतो. हवा भरायला घेतली की उरलेल्या तारांवर भार येतो आणि साइडवॉल एका रेषेत चेनसारखी उघडते. शेजारी वाकून बसलेला माणूस त्यात मरू शकतो.

टायर उतरवल्यावर आधी आत बघा. रबराचा काळा भुगा निघाला, तर समजून जा. मग बॅटरी धरून साइडवॉलच्या आतल्या बाजूने सगळा घेर बघा, आणि सुती हातमोजा घालून तळवा सावकाश फिरवा. निरोगी लाइनर (टायरच्या आतला हवा धरून ठेवणारा थर) गुळगुळीत लागतो. बसून चाललेल्या टायरला एक गोल पट्टा लागतो, सुरकुतलेला, कधी निळसर झाक असलेला, आणि कुठेतरी मोज्याला तारेचं टोक अडकतं. असा टायर भंगारात. त्याची स्टेपनीसुद्धा करायची नाही.

शंका नसलेला टायरही लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपने, बाजूला उभं राहून त्यात हवा भरा. लॉक रिंगच्या डिस्कला (रिमला) तर हे सक्तीचंच समजा.

रिमोल्ड किती वेळा होतो? कधी काढावा?

केसिंग चांगलं असेल तर दोनदा सहज, कधी जास्तही. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण तिथपर्यंत ओढू नका. ३ ते ४ मिलिमीटर उरली की काढा. शेवटच्या दोन मिलिमीटरच्या लोभात बेल्टला दगड लागतो आणि केसिंग नापास होतं.

रेडियलला कोल्ड रिमोल्डिंग बरं, असं माझं मत आहे. त्यात आधीच पिकवलेली नक्षीची पट्टी कुशन गमने (मधल्या चिकट रबराने) चिकटवून चेंबरमध्ये साधारण १०० अंशांवर भाजतात. हॉटमध्ये १५० च्या आसपास जावं लागतं, म्हणजे केसिंग आणखी एकदा तापतं. पण पद्धतीपेक्षाही बफिंगच्या (जुनी नक्षी खरवडण्याच्या) आधीची तपासणी मोठी. ‘सगळे टायर पास’ म्हणणारा कारखाना टाळा. दहातले दोन परत देणाराच तुमचं हित बघतो. रिमोल्ड टायर पुढे लावू नका.

नायट्रोजनने फरक पडतो?

थोडा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ऑक्सिजन आणि ओल कमी झाली की आतलं रबर आणि तार सावकाश जुनी होतात. पण नायट्रोजन भरला म्हणून सहा महिने गेज न लावणाऱ्याचं नुकसानच होतं. साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडलं, तरी बराच फायदा मिळतो.

कंपन्या रेडियल टिकाऊ करायला काय करतात?

सगळी लढाई बेल्टच्या कडेपाशी असते. दोन बेल्टच्या कडांमध्ये मऊ रबराची पट्टी घालतात म्हणजे सरकण्याचा ताण एका जागी येत नाही. बेल्ट कमी-जास्त रुंदीचे ठेवतात, सगळ्यांची टोकं एकावर एक येऊ नयेत म्हणून. काही टायरमध्ये कडेला घेराच्या दिशेनेच तार गुंडाळतात, त्याने फुगणं आटोक्यात राहतं. तारेभोवतीच्या रबरात कोबाल्टचे क्षार घालून पितळेशी पकड पक्की करतात. लाइनर हॅलोब्युटाइल रबराचा असतो, कारण त्यातून हवा फार कमी झिरपते. झिरपणारी हवा दाब तर कमी करतेच, शिवाय जाता जाता तिच्यातला ऑक्सिजन आतलं रबर कडक करत जातो.

नंतर ड्रमवर चाचणी. संयुक्त राष्ट्रांच्या ५४ क्रमांकाच्या नियमात ७, १६ आणि २४ असे एकूण ४७ तास टायर पळवतात, शेवटच्या टप्प्यात कमाल भाराच्या १०१ टक्क्यांवर. चाचणीची खोली २० ते ३० अंशांची. नवतपातला आपला रस्ता त्या खोलीत नाही, म्हणून प्रमाणपत्र असलेला टायरही आपल्याकडे जास्त सांभाळावा लागतो.

टायर एका बाजूने खातो (घासतो).

अलाइनमेंट, किंग पिन, व्हील बेअरिंग, सैल यू-बोल्ट, तुटलेला पाटा. टायर बदलण्याआधी हे बघा, नाहीतर नवीनही तसाच खाईल. दोन्ही मागचे एक्सल एकमेकांना समांतर आहेत का, हेही मोजून घ्या. हे तपासणारे फार कमी आहेत.

जुना स्टॉक कसा ओळखायचा?

साइडवॉलवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सोबत आयएसआय खूण बघा. टिनाच्या शेडखाली, वेल्डिंगच्या शेजारी, उन्हात ठेवलेला टायर न वापरताच जुना होतो. ठेवायचे तर उभे, अंधाऱ्या, गार जागी, ऑइल-डिझेलपासून लांब.

टायर न उतरवता डिस्कला वेल्डिंग केलं तर?

करू देऊ नका. हवा सोडलेली असली तरीही नाही. उष्णतेने आतलं रबर जळून वायू तयार होतो आणि त्याचा स्फोट होतो. नट अडकला म्हणून गॅसने तापवतानाही हाच धोका आहे.

ब्रेक चिकटून ड्रम तापला तर बीडवर तोच मार बसतो. शिवनीकडे जाताना कुरई घाटात ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाड्यांचे बीड आतून जळालेले असतात. खालच्या गिअरवर उतरा.

आमच्या पंधरा गाड्या आहेत. सुरुवात कुठून करू?

वहीपासून. प्रत्येक टायरचा नंबर, लावल्याची तारीख, कुठल्या जागेवर, किलोमीटर, आठवड्याची थंड हवा, पंक्चर, रिमोल्ड. टायर भंगारात गेला की खरेदी आणि रिमोल्डचा खर्च मिळवा, भंगाराचे पैसे वजा करा आणि एकूण किलोमीटरने भागा. स्वस्त टायर खरंच स्वस्त होता का, ते तेव्हा कळतं. सोबत टायर कशाने गेला याचं कारण लिहा: घासून, कापून, फुगा येऊन की बसून चालल्याने. एका वर्षात तुमच्याच वहीत दिसेल की कुठल्या गाडीचा, कुठल्या जागेवरचा टायर वारंवार जातो. बहुतेक वेळा ती मागची आतली जागा निघते, आणि तिथल्या हवेच्या रकान्यात तारखा गाळलेल्या असतात.